नागरिक पॅनलसाठी सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर: आधी नोंदवही, मग फॉर्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड लाख वस्तीच्या एका नगरपरिषदेला दीड हजार नागरिकांचं कायमचं पॅनल उभं करायचं आहे. पाणी, कचरा, रस्ते, अंदाजपत्रक अशा विषयांवर वर्षातून चार-पाच वेळा त्यांचं मत ऑनलाइन घ्यायचं. त्यासाठी गूगल फॉर्म पुरेल, की लाइमसर्व्हेसारखं सर्वेक्षणाचं वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागेल?

गूगल फॉर्म पुरणार नाही. प्रश्न विचारायला तो उत्तम आहे, पण पॅनल म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय नव्हे. कोणाला विचारलं, त्यातल्या कोणी उत्तर दिलं, कोणी दिलं नाही आणि गेल्या खेपेला तोच माणूस होता का, याची नोंद म्हणजे पॅनल. गूगल फॉर्ममध्ये ‘एका व्यक्तीचं एकच उत्तर’ ही अट घातली की प्रत्येकाला गूगल खात्यातून लॉगिन करावं लागतं. ज्यांना पासवर्ड आठवत नाही असे कितीतरी ज्येष्ठ सदस्य तिथेच गळतात. सदस्याचा संकेतांक (प्रत्येकाला दिलेली वेगळी खूण) आधीच भरलेली लिंक पाठवता येते, पण तो रकाना उत्तर देणाऱ्याला बदलता येतो. त्यामुळे त्या संकेतांकावर भरवसा ठेवता येत नाही. सॉफ्टवेअर निवडताना फॉर्म किती देखणा होतो हे शेवटी बघा. सदस्यांची नोंदवही ते कसं सांभाळतं, हे सगळ्यात आधी बघा.

दीड हजारांच्या पॅनलला लाइमसर्व्हे चांगलं पेलतं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. २००३ साली पीएचपीसर्व्हेअर या नावाने सुरू झालेला हा प्रकल्प २००७ पासून लाइमसर्व्हे म्हणून ओळखला जातो. स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, मराठी चालते, आणि प्रत्येक सर्वेक्षणाला सहभागींचा वेगळा तक्ता जोडता येतो. त्याशिवाय सगळ्या सर्वेक्षणांना मिळून एक मध्यवर्ती सहभागी नोंद असते. तीच तुमची नोंदवही. दोन कोअर आणि चार जीबी मेमरीचा साधा सर्व्हर या कामाला पुरतो. डेसिडिम किंवा कॉन्सल ही बार्सिलोना आणि माद्रिदमधून आलेली व्यासपीठं वेगळ्या कामाची आहेत. तिथे लोक प्रस्ताव मांडतात, चर्चा करतात, पाठिंबा देतात. निवडलेल्या नमुन्याला ठरावीक प्रश्न विचारणं हा त्यांचा मूळ हेतू नाही. कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवर माहिती गोळा करण्याचं साधन मात्र हाताशी ठेवा, घरोघर जाऊन सदस्य नोंदवताना ते लागेल. नेट नसलेल्या वस्तीतही ते मोबाइलवर माहिती साठवतं आणि नंतर पाठवतं.

सदस्य कुठून आणायचे

‘पॅनलमध्ये सामील व्हा’ अशी लिंक संकेतस्थळावर टाकून दीड हजार नावं आठवड्यात जमतील. पण त्यात तक्रार असलेले, राजकीय कार्यकर्ते आणि दिवसभर मोबाइलवर असणारे लोकच जास्त असतील. अशा पॅनलच्या आकड्यांना नमुना-त्रुटीचं, म्हणजे थोड्यांच्या उत्तरांवरून सगळ्या शहराचा आकडा काढताना किती चूक होऊ शकते याचं, गणित लावणं चूक आहे. ते गणित फक्त आपण यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढावी तसं, निवडलेल्या लोकांना लागू पडतं.

यादी म्हणून मालमत्ता कराची नोंदवही पटकन हाती येते, पण तिच्यात घरमालकच असतात. भाडेकरू तिथे दिसत नाहीत, आणि घर बहुधा पुरुषाच्या नावावर असल्याने स्त्रियाही कमी येतात. मतदार यादी त्याहून चांगली. तिच्यात नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक असतो, आणि ती यादी-भागानुसार लावलेली असल्याने दर अमुकाव्या नावाची निवड केली की सगळ्या भागांतून माणसं आपोआप येतात. तिच्या अडचणीही आहेत. मोबाइल क्रमांक नसतो, स्थलांतरितांची नावं तशीच राहिलेली असतात, आणि नव्याने राहायला आलेल्यांची नावं नसतात. जाहीर यादी चित्ररूप पीडीएफ असते, त्यामुळे नावं थेट नक्कल करता येत नाहीत. निवडलेली तेवढी नावं हाताने टंकून घ्या. सगळी यादी यंत्राने वाचून घेण्याच्या नादात जोडाक्षरं बिघडतात आणि मग ती दुरुस्त करत बसावं लागतं.

किती नावं निवडायची हे अंदाजाने ठरवू नका, २०० नावांवर आधी चाचणी घ्या. समजा त्यातली १३० माणसं पत्त्यावर सापडली आणि त्यांतल्या ६५ जणांनी संमती दिली. म्हणजे २०० मागे ६५, साडेबत्तीस टक्के. दीड हजारांसाठी मग सुमारे ४,६२० नावं लागतील. यादीत १,०५,००० मतदार असतील तर दर २२ वं नाव घ्यायचं. सुरुवातीचं नाव १ ते २२ मधली चिठ्ठी उचलून ठरवायचं. निवडलेला माणूस घरी नसेल तर शेजाऱ्याला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला घ्यायचं नाही. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या माराव्या लागतात, त्यांतली एक संध्याकाळची आणि एक रविवारची. नमुना इथेच सगळ्यात जास्त बिघडतो. सकाळी अकरा ते दुपारी चार या कार्यालयीन वेळेत फिरलेल्या यादीत नोकरदार माणूस सापडत नाही.

स्मार्टफोन नसलेल्याला वगळायचं नाही. नेदरलँड्समधलं एलआयएसएस पॅनल २००७ साली उभं राहिलं, तेव्हा ज्या घरांत संगणक वा इंटरनेट नव्हतं तिथे ते पुरवण्यात आलं. नगरपरिषदेला ते झेपणार नाही. अशा सदस्याला कर्मचाऱ्याने फोन करावा आणि त्याच सदस्याच्या लिंकवर त्याच्या वतीने उत्तरं भरावीत, एवढं जमतं. फक्त ‘फोनवरून’ की ‘स्वतः’ याचा वेगळा रकाना ठेवा. प्रत्यक्ष माणसाशी बोलताना लोक पालिकेबद्दल जरा सौम्य बोलतात, आणि वाचून दाखवलेल्या पर्यायांतला शेवटचा जास्त निवडतात. हा फरक नंतर तपासता आला पाहिजे.

संकेतांक, लिंक आणि संदेश

लाइमसर्व्हे प्रत्येक सदस्यासाठी १५ अक्षरी संकेतांक स्वतः तयार करतं. तो ईमेलला ठीक आहे, पण मोबाइल संदेशात जागा खातो आणि कागदी पत्रावरून टंकताना चुकतो. स्वतःचे आठ अक्षरी संकेतांक बनवून आयात करा. २ ते ९ हे आठ अंक घ्या. रोमन लिपीतली लहान अक्षरं घ्या, पण पाचही स्वर आणि एल गाळा. मग शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा गोंधळ उरत नाही आणि चुकून एखादा अर्थपूर्ण शब्दही तयार होत नाही. ई गाळण्याला आणखी एक कारण आहे. सगळे अंक आणि मध्ये एकच ई असा संकेतांक एक्सेलमध्ये उघडला की एक्सेल त्याला घातांकातली संख्या समजतं आणि बदलून टाकतं. उरलेल्या २८ चिन्हांतून आठ अक्षरी संकेतांक सुमारे ३७,७८० कोटी होतात. त्यांतले दीड-दोन हजारच वापरात असल्याने अंदाजाने ठोकलेला संकेतांक लागण्याची शक्यता नगण्य आहे. ते खऱ्या यादृच्छिक पद्धतीने मात्र काढा. क्रमाने दिलेले संकेतांक म्हणजे शेजाऱ्याच्या फॉर्मची किल्लीच.

एक्सेलचा आणखी एक उपद्रव आहे. ९१ जोडलेला बारा अंकी मोबाइल क्रमांक ते घातांकात दाखवतं आणि तसाच जतन झाला की शेवटचे अंक जातात. तो रकाना मजकूर म्हणून ठेवा. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) दोनदा टिचकी मारून उघडली आणि मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर डेटा खराब झालेला नसतो. फाइल युनिकोड यूटीएफ-८ म्हणून आयात करायची असते. तशीच बिघडलेली फाइल जतन केली तर मात्र ती गेली.

मोबाइल क्रमांक ही सदस्याची ओळख मानू नका. एका घरात एकच फोन दोघा-तिघांचा असतो, आणि त्यातली सून आणि सासू दोघीही पॅनलमध्ये असू शकतात. ओळख सदस्य क्रमांकाने ठरवायची आणि संदेशात नाव घालायचं. लिंक घरच्या किंवा सोसायटीच्या गटात पुढे ढकलली जाणार हे धरून चाला. म्हणून पहिल्या पानावर जन्मवर्ष विचारा आणि नोंदवहीतल्या वर्षाशी ताडून पाहा. न जुळलेलं उत्तर लगेच बाद करू नका. खूण करा आणि फोन करून विचारा, कारण मतदार यादीतलं वयही पुष्कळदा चुकीचं असतं.

भारतात व्यावसायिक वा कार्यालयीन एसएमएस पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत, नोंदणी लागते. संस्था, पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव आणि संदेशाचा साचा, तिन्ही नोंदवावे लागतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातली लिंकही आधी मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर संदेश वाटेतच अडतो आणि तुम्हाला वाटतं लोक उत्तर देत नाहीत. साच्यातला बदलता भाग साधारण ३० अक्षरांचा असतो. म्हणून पालिकेचाच छोटा उपपत्ता घ्या. बाहेरच्या लिंक लहान करणाऱ्या सेवा वापरू नका. फसवणुकीचे संदेश रोज येतात, त्यामुळे अनोळखी पत्त्यावर टिचकी न मारणारा नागरिक शहाणाच म्हणायचा.

देवनागरी एसएमएस ७० अक्षरांचा असतो. त्याहून लांब गेला की दर भागात ६७ अक्षरं मावतात. काना, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘प्रश्न’ या शब्दाची सहा अक्षरं होतात. नाव, विषय, लागणारा वेळ, शेवटची तारीख आणि लिंक एवढं बसवायला तीन भाग, म्हणजे २०१ अक्षरं, धरून चाला. खर्च वाचवायला रोमन लिपीत मराठी लिहू नका. तो संदेश जाहिरातीसारखा दिसतो. ईमेल पाठवत असाल तर पाठवणाऱ्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी (पत्र खरोखर तुमच्याकडूनच आलं याचा पुरावा) बसवून घ्या. नाहीतर पालिकेचं पत्र थेट स्पॅममध्ये जाईल.

सगळे संदेश एका झटक्यात सोडू नका. दीड हजार लोकांपैकी पुष्कळजण पहिल्या पंधरा मिनिटांतच लिंक उघडतात आणि लहान सर्व्हर तेवढ्यात गुदमरतो. दर दहा मिनिटांनी दोनशे असे सोडा. शिवाय लाइमसर्व्हे ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिची सेशन-मर्यादा, म्हणजे काही न करता फॉर्म उघडा राहण्याची वेळ, मुळात १,४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटांची असते. अर्धा फॉर्म भरून स्वयंपाकाला उठलेली बाई परत येते तेव्हा तिची उत्तरं गेलेली असतात आणि ती पुन्हा भरायला बसत नाही. ही मर्यादा वाढवा, आणि संकेतांकाला उत्तरं चिकटवून ठेवण्याची सोय चालू करा. मग तीच लिंक उघडली की फॉर्म होता तिथून पुढे सुरू होतो.

आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून) ‘दुबार’ उत्तरं उडवण्याचा मोह टाळा. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता देतात. त्या चाळणीत खोटे कमी आणि खरे जास्त अडकतात.

गुप्तता: एका बटणाचा निर्णय

लाइमसर्व्हेत ‘उत्तरं निनावी’ हा पर्याय सर्वेक्षण सुरू करण्याआधीच ठरवावा लागतो. तो चालू केला की कोणाचं उत्तर कोणतं हे कोणालाच, अगदी प्रशासकालाही, सांगता येत नाही. उत्तराची वेळसुद्धा लपवली जाते. तारखेच्या रकान्यात सगळीकडे १ जानेवारी १९८० दिसते, तो बिघाड नाही. वेळ खरी ठेवली असती तर सहभागी-तक्त्यातल्या वेळेशी जुळवून माणूस ओळखता आला असता. पण या पर्यायाची किंमत आहे. मार्चमध्ये ‘पाणी पुरतं’ म्हणणाऱ्याने मे महिन्यात काय सांगितलं, हे जोडता येत नाही. आणि पॅनल तर त्यासाठीच असतं.

मधला मार्ग बरा. निनावी पर्याय बंद ठेवा, पण सर्वेक्षणाच्या सहभागी-तक्त्यात नाव-पत्ता भरूच नका. फक्त संकेतांक, प्रभाग आणि वयोगट ठेवा. संकेतांक आणि नाव यांची जोडयादी एका जबाबदार अधिकाऱ्याकडे, वेगळ्या संगणकावर ठेवा. एसएमएस तिथून जातील, उत्तरं इथे येतील. ही सोय लोकांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि जे निनावी नाही त्याला ‘निनावी’ म्हणू नका. पालिकेच्या कर्मचाऱ्यांबद्दलच्या तक्रारी, लाच, अतिक्रमण असे विषय असतील तर त्या एका सर्वेक्षणापुरता निनावी पर्याय चालू करा. प्रभाग, वय, लिंग आणि व्यवसाय एकत्र आले की पुन्हा माणूस उघडा पडतो, म्हणून दहापेक्षा कमी उत्तरांचा गट अहवालात छापू नका. माहिती अधिकारात कच्चा डेटा मागितला जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून असावी. ओळख आधीच वेगळी केलेली असेल तर उत्तर देणं सोपं जातं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय हवी, आणि संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. म्हणजे नाव काढायला अर्ज घेऊन कार्यालयात या, हे चालणार नाही. प्रत्येक ईमेलमध्ये बाहेर पडण्याची लिंक द्या. लाइमसर्व्हेत ‘या सर्वेक्षणातून’ आणि ‘सगळ्या सर्वेक्षणांतून’ बाहेर पडण्याच्या लिंक वेगवेगळ्या आहेत. लोकांना बहुधा दुसरी हवी असते. १८ वर्षांखालच्या सदस्यांसाठी पालकांची संमती पडताळावी लागते, म्हणून सुरुवातीला प्रौढच घ्या. आधार क्रमांक मागू नका. या कामाला त्याची गरजच नाही.

फॉर्म

इथे थोडक्यात. दहा मिनिटं, वीस ते पंचवीस प्रश्न, त्यांतले दोनच खुले. रकाने-ओळींचा जाळीदार प्रश्न मोबाइलवर आडवा सरकवावा लागतो, तो टाळा. बारा कामांना क्रम लावायला सांगू नका, ‘यातली तीन निवडा’ असं विचारा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दाखवा. ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ मात्र कायम शेवटी. ‘कचरा रोज उचलला जात नाही याच्याशी तुम्ही असहमत आहात का’ असली दुहेरी नकाराची वाक्यं मोठ्याने वाचली की लगेच सापडतात. संख्येच्या रकान्यात कोणी देवनागरी अंक टंकले तर काय होतं ते आधी करून बघा. फॉर्म ते नाकारत असेल तर तिथे पर्याय द्या. सर्वेक्षण एकदा सुरू केलं की नवा प्रश्न घालता येत नाही आणि जुना काढता येत नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं तर आधीची उत्तरं वेगळ्या जुन्या तक्त्यात जातात. म्हणून पन्नास कर्मचाऱ्यांवर स्वस्त अँड्रॉइड फोनवर पूर्ण चाचणी झाल्याशिवाय सुरू करू नका.

मुदत चौदा दिवस, स्मरण संदेश दोन: चौथ्या आणि नवव्या दिवशी, उत्तर न दिलेल्यांनाच. गणपती-दिवाळीचे आठवडे सोडा. आचारसंहितेत पॅनलला काहीही पाठवू नका.

कोट्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे: पुरुषांची उत्तरं पुरेशी झाली की पुढच्याला ‘धन्यवाद, आता गरज नाही’ म्हणून परत पाठवता येतं. बाजार-सर्वेक्षणात ते चालतं. नगरपरिषदेने स्वतः बोलावलेल्या नागरिकाला दारातून परत पाठवायचं नसतं. सगळ्यांची उत्तरं घ्या आणि तोल नंतर भार देऊन, म्हणजे कमी आलेल्या गटाचं प्रत्येक उत्तर जास्त मोजून, साधा.

आकडे वाचताना

समजा हजार उत्तरं आली, ६८० पुरुषांची आणि ३२० स्त्रियांची, आणि मतदार यादीत प्रमाण ५२ ला ४८ आहे. पुरुषाच्या उत्तराला ०.७६ आणि स्त्रीच्या उत्तराला १.५ भार द्यायचा. असा भार दिला की हजार उत्तरांची ताकद सुमारे ८९५ इतकी उरते. वय आणि प्रभागही जोडले की ती आणखी घटते. कोणाचाही भार पाचाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर एका तरुणाचं मत संपूर्ण गटाचं मत होऊन बसतं. प्रभागनिहाय लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेवर विसंबायचं असेल तर त्यानंतर वाढलेल्या वसाहती तिच्यात नाहीत हे विसरू नका.

दीड हजारांपैकी साडेसातशे जणांनी उत्तर दिलं तर पूर्ण शहराच्या आकड्यात नमुना-त्रुटी सुमारे ३.६ टक्के अधिक-उणे. पंधरा प्रभागांत ते विभागले तर प्रत्येकी पन्नास उत्तरं, आणि त्रुटी १४ टक्क्यांच्या घरात. एका प्रभागात ५८ टक्के समाधानी आणि दुसऱ्यात ४९, यावरून काहीही सिद्ध होत नाही. तरी नगरसेवक नेमका हाच तक्ता मागतील. तो सॉफ्टवेअर क्षणात काढून देतं, म्हणून तो काढायचा नाही हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

जाहीर लिंक ठेवायची असेल तर जरूर ठेवा, सगळ्यांना बोलण्याची जागा हवीच. पण तेच प्रश्न घेऊन वेगळं सर्वेक्षण करा आणि आकडे वेगळे छापा. दोन्हींची बेरीज करू नका. आणि विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना, ज्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली घ्याव्या लागतात, त्यांची जागा पॅनल घेऊ शकत नाही. पॅनलमध्ये मत दिलं म्हणजे हरकत नोंदवली असा समज होऊन एखाद्याची मुदत हुकली तर त्याचं खरोखरीचं नुकसान होतं. त्या विषयाच्या फॉर्मवर पहिल्याच ओळीत हे ठळक लिहा.

दरवर्षी एक तृतीयांश सदस्य बदला. जुने सदस्य हळूहळू पालिकेच्या कामाचे जाणकार होतात आणि सामान्य नागरिकासारखं उत्तर देत नाहीत. नवे सदस्य त्याच मतदार यादीतून, त्याच पद्धतीने. ओळखीने कोणी नाही.

काम बाहेरच्या कंपनीला देणार असाल तर निविदेत तीन अटी लेखी घाला. सदस्य नोंदवही आणि सगळी उत्तरं पालिकेच्या मालकीची असतील. ती दर सर्वेक्षणानंतर साध्या सीएसव्हीत, प्रश्नांच्या संकेतांसह पालिकेला मिळतील. आणि करार संपल्यावर कंपनीकडची प्रत नष्ट केल्याचं पत्र दिल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही.